यादीतलं बत्तिसावं नाव

हळूबाई शाळा सुटल्यावर नकाशांच्या खोलीत दार लावून घेतात आणि लहान पोरीच्या आवाजात मशीनसमोर वाचतात, अशी कुजबूज आमच्या रस्त्यावर उठली तेव्हा ती ऐकणारा मी तिसरा होतो. पुढं सांगणारा मात्र पहिला. खोटं कशाला बोलू, मी तिच्यात थोडी भरही घातली. ‘पोरीच्या आवाजात’ हे शब्द माझे. मूळ बातमीत नुसतं ‘चोरून वाचतात’ एवढंच होतं, आणि एवढ्यावर कुणाचा अर्धा कप चहासुद्धा संपत नाही.

हळूबाई म्हणजे दुसरीच्या वर्गाच्या बाई. नाव त्यांना मुलांनी दिलं, आम्ही फक्त वापरलं. त्या चालायच्या हळू, बोलायच्या हळू, फळ्यावर एक ओळ लिहून होईपर्यंत मागच्या बाकावर दोन भांडणं होऊन मिटायची. ‘बाई, आग लागली’ असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी आधी चष्मा पुसला असता. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई चुरचुरीत, तोंडाळ. धाकटीच्या वाट्याचं बोलणंही तिनंच उचललेलं. ती म्हणायची, “हिला मीठ आणायला आत पाठवलं की मी जेवून हात धुते, मग मीठ येतं.”

पण दुसरीचा वर्ग बाईंनी अठ्ठावीस वर्षं सोडला नाही. हेडमास्तरांनी एकदा चौथी देऊ केली, तर म्हणाल्या, “चौथीतल्यांना वाचता येतं. मला न येणारी द्या.” त्यांचं हत्यार म्हणजे पुठ्ठा. वहीच्या जुन्या पुठ्ठ्याला ब्लेडनं एक लांबट खिडकी कापायच्या आणि तो पुस्तकावर ठेवायच्या. खिडकीतून एकच ओळ दिसायची, बाकीचं पान झाकलेलं. “मुलं पानाला घाबरतात. एका ओळीला कोण घाबरतं?” असं म्हणायच्या. म्हणायलाही अर्धं मिनिट घ्यायच्या.

मी त्याच शाळेत कारकून होतो. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जुनी दप्तरं लावून द्यायला जायचो. हेडमास्तरांच्या खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल, आणि मला सगळे फर्निचरात धरायचे. फर्निचरासमोर माणसं फार मोकळं बोलतात.

तर त्या वर्षी शाळेत मशीन आलं. मशीन म्हणजे निळ्या कव्हरातले नऊ टॅब आणि नऊ हेडफोन. मुलानं हेडफोन लावायचा, पडद्यावरचा उतारा एक मिनिट मोठ्यानं वाचायचा. मशीन ऐकतं. बरोबर आलेला शब्द हिरवा होतो, चुकलेला लाल, आणि शेवटी आकडा येतो: एका मिनिटात बिनचूक शब्द किती. मग मुलाला त्याचाच आवाज ऐकवतं आणि तोच उतारा पुन्हा वाचायला लावतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मूल अडखळायचं थांबतं. कल्पना वाईट नव्हती, हे मी आज कबूल करतो. त्या वेळी आमचा कुणाचाच तिच्यावर विश्वास नव्हता. जे यंत्र पोरांचं ऐकतं ते आपलंही ऐकत असणार, असं ठरवून शिक्षकांनी हेडमास्तरांबद्दलच्या सगळ्या गप्पा शिक्षकखोलीतून पाण्याच्या टाकीमागं नेल्या. चित्रकलेचे मास्तर तर टॅबवर रुमाल टाकून मगच शिंकायचे.

मशीन बसवायला वरच्या कार्यालयातून एक तरुण साहेब आला होता. काहीही विचारलं की तो आलेख दाखवायचा, म्हणून आम्ही त्याला आलेखराव म्हणू लागलो. त्यानं वर्गाच्या भिंतीवर एक पडदा लावला. रोज सकाळी त्यावर आदल्या दिवशीची यादी यायची: पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची नावं आणि आकडे.

“ही यादी बंद करता येते का?” हळूबाईंनी विचारलं होतं.

“नाही बाई. यादीमुळं चुरस वाढते.”

“वरच्यांची वाढत असेल.”

आलेखराव हसला आणि त्यानं एक आलेख दाखवला.

वर्गात मुलं एकतीस. एकतिसावी होती इस्त्रीवाल्याची नात. नऊ शब्द. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी आठ. वर्गानं तिचं नाव ‘शेपूट’ ठेवलं. चौथ्या दिवशी पोरीनं हेडफोन लावायलाच नकार दिला. ओठ असे मिटून बसली की बाईंनीही नाद सोडला. तिच्या वरचा, म्हणजे तिसावा, होता ढोल नावाचा एक गोलमटोल मुलगा. तो शर्यतीत, पाढ्यांत, कशातही शेवटचा आला की स्वतःच टाळ्या वाजवायचा आणि “शेवटून पहिला!” म्हणून ओरडायचा. एकाला जे लागतं ते दुसऱ्याला लागत नाही.

इस्त्रीवाल्याची टपरी शाळेच्या फाटकासमोर. बातम्यांचं आमच्याकडचं मुख्य कार्यालय तेच. सगळ्या रस्त्याचे कपडे त्याच्याकडं, त्यामुळं कुणाच्या घरी पाहुणे आले आणि कुणाचा नवरा घर सोडून गेला हे त्याला गठ्ठ्यावरून कळायचं. दोन महिन्यांनी एकदा मी तिथं टेकलो होतो, तेव्हा तो इस्त्री फिरवत म्हणाला, “काका, एक सांगू? आमची पोर मशीनमध्ये पस्तीस शब्द वाचते म्हणे.”

“अरे वा!”

“वा काय वा! घरी एक अक्षर वाचत नाही. आठवडाभर तर तिनं त्या मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. आणि एकदम पस्तीस? मधे कुणीतरी आहे.”

“कोण असणार?”

त्यानं इस्त्री उभी केली, रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. “शाळा सुटली की बाई टॅब घेऊन नकाशांच्या खोलीत जातात. दार आतून लावतात. अर्ध्या तासानं बाहेर येतात. मी इथून रोज बघतो. बाई चोरून वाचतात, काका. पोरांचे आकडे फुगवायला.”

“हळूबाई?”

“दोन वर्षं राहिलीत त्यांची. जाताना नाव करून जायचं असेल. तुम्ही आत जाता येता, जरा कान लावा की.”

“मी काय हेर आहे?”

“छे, छे. हेराला सांगावं लागतं.”

हा टोमणा मी गिळला, कारण कान लावायचं मी आधीच ठरवलं होतं. घरी बायको म्हणाली, “दुसऱ्याकडं दूध उतू गेलं तर तुम्हाला इथं बसून कळतं. आपलं करपलं तरी वास येत नाही.” तेवढ्यात खरंच आमचं दूध करपलं. पण तो विषय वेगळा.

नकाशांची खोली आणि हेडमास्तरांची खोली यांच्यामधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. शाळा सुटल्यावर मी दप्तर लावायच्या निमित्तानं थांबलो आणि फळीला कान लावला.

“खा... खारी... खारीने... पटक... पटकन...”

आवाज दबका, अडखळता, अगदी कच्च्या मुलासारखा. आणि मग खोकला. तो खोकला मी तीस वर्षं ओळखतो. हळूबाईंचाच. त्यामागून “छे!” असा चिडका उद्गार, आणि पुन्हा पहिल्यापासून, “खा... खारी...”

आता सरळ डोक्याच्या माणसाला प्रश्न पडला असता की आकडे फुगवायचे तर अडखळायचं कशाला. मलाही पडला, पण मी त्याला पडल्या जागी ठेवला. म्हटलं, मशीनला मूल वाटावं म्हणून. संशय एकदा डोक्यात शिरला की जे दिसेल ते त्याच्याच पोटात जातं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी ‘पोरीच्या आवाजात’ची भर घातली, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी दोन गल्ल्या फिरून, अंगावर बाळसं घेऊन, माझ्याच बायकोकडून मला परत मिळाली.

पुढच्या आठवड्यात आलेखराव आला. मी कोपऱ्यात, फाइलींच्या मागं. त्यानं हेडमास्तरांसमोर एक छापील तक्ता ठेवला आणि हळूबाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत यायला जो वेळ लागला त्यात हेडमास्तरांनी दोनदा घाम पुसला.

“बाई, तुमच्या वर्गाचा पट किती?” आलेखरावानं विचारलं.

“एकतीस.”

“मशीनमध्ये बत्तीस आहेत.”

“हो.”

“हो म्हणजे?”

“बत्तीस आहेत.”

“हे शेवटचं नाव बघा. ‘नवीन मूल’. दोन महिन्यांपासून रोज वाचतंय, वर्गात सगळ्यात कच्चं. हजेरीपटावर ते नाही. कोण आहे?”

“आहे एक.”

“कुठं बसतं?”

“वर्गातच.”

“मग चला, दाखवा मला.”

बाईंनी चष्मा काढला, पुसायला घेतला. “आज नको. आठ दिवस द्या.”

हेडमास्तर तोवर खुर्चीतून अर्धे उठले होते. “अहो बाई, खोटं मूल दाखवलंत? माझ्या शाळेत?”

“ओरडू नका, साहेब. वर्ग भरलाय,” बाई म्हणाल्या.

आलेखराव माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. त्यानं स्वच्छ सांगितलं: आठ दिवसांनी ते मूल समोर उभं करायचं. नाव खोटं निघालं, तर दुसरीचा वर्ग काढून घेणार. उरलेली दोन वर्षं बाईंनी कार्यालयात बसून आल्यागेल्या कागदांवर शिक्के मारायचे. हे ऐकताना बाई चष्मा पुसतच होत्या. काचा केव्हाच लख्ख झाल्या होत्या.

त्या गेल्यावर हेडमास्तरांनी तक्ता माझ्यापुढं टाकला. “हजेरीपटाशी ताडून बघा. आणि हे बाहेर नको.”

“माझ्याकडून?” मी दुखावल्यासारखं केलं.

आकड्यांत माझी हयात गेली. मी तक्त्यातल्या शेवटच्या दोन रांगा पाहिल्या आणि मनात नवीच पाल चुकचुकली. इस्त्रीवाल्याच्या नातीचे आकडे: नऊ, तेरा, सतरा, चोवीस, तीस, पस्तीस. त्या नवीन मुलाचे: सात, अकरा, पंधरा, बावीस, अठ्ठावीस, तेहतीस. सावली धरून चालल्यासारखे. कायम दोन शब्द खाली. एवढं मोजूनमापून मागं राहणारं मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हटलं, ही पोरगीच दोन नावांनी वाचते. एकदा नीट, एकदा वाईट. आणि बाई वाचून घेतात. का? ते नंतर बघू.

टपरीवर गेलो आणि आडून विचारलं, “काय रे, तुझ्या नातीला रोज दोनदा वाचायला लावतात का?”

“म्हणजे?”

“म्हणजे एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा...”

“माझी नात चोरीत सामील आहे म्हणता?” त्यानं इस्त्री तशीच टेकवली आणि कमरेवर हात ठेवले. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो, आणि खालून धूर यायला लागला. हेडमास्तरांचा पांढरा शर्ट होता. पाठीवर होडीएवढा डाग.

पोरगी तिथंच होती, फळीखाली कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे दुमडत. आजोबांनी तिला हाताला धरून समोर उभं केलं. “खरं सांग. ते नवीन मूल कोण?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

“तूच आहेस का?”

“मी कशाला असेन? ते कित्ती कच्चं आहे! रोज माझ्या खाली असतं. मी त्याला रोज हरवते.”

“बघितलंस कधी त्याला?”

“नाही. लाजत असेल. मी पण लाजायचे ना आधी.” मग मोठ्या माणसासारखं म्हणाली, “त्याला म्हणावं, घाबरू नको. मशीन रागवत नाही. चुकलं तर नुसतं लाल होतं.”

“हो का गं, मोठी पंडित! वाच बघू हे.” आजोबांनी शर्टाखालचा कागद ओढून तिच्यापुढं धरला.

तिनं बोट ठेवलं. “पाणी... पुर-वठा दोन दिवस बंद. नागरिकांनी... नोंद घ्यावी.” एकदा अडली, पण थांबली नाही. वाक्य संपल्यावर नीट श्वास घेतला, बाई घेतात तसा. आणि वर बघितलं.

इस्त्रीवाल्यानं जळका शर्ट उचलून त्यालाच डोळे पुसले आणि धुराला शिवी दिली.

म्हणजे पोरीचे पस्तीस खरे होते. तिच्यासाठी कुणी वाचत नव्हतं. मग बाई आत कुणासाठी खोकत होत्या? माझा संशय निवला नाही, उलट वाढला. एखादं खरं मूल लपवलंय का? कुणा ओळखीतल्याचं, फुकट शिकवतात? की ताईच मशीनवर वाचायला शिकतेय? हा शेवटचा अंदाज मी दोघातिघांना सांगितलाही. ताईनं मला रस्त्यात गाठून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

आठ दिवस सरले. आलेखराव सकाळीच आला, थेट वर्गात गेला. मागोमाग हेडमास्तर, त्यांच्यामागं हातात रिकामी फाइल घेऊन मी. पडद्यावर यादी आली. मुलं माना वर करून बघत होती. तिसाव्या जागी इस्त्रीवाल्याची नात, एकेचाळीस शब्द. एकतिसावा ढोल, अडतीस. त्याच्या खाली काही नाही. कोरी भिंत.

“शेवटून पहिला!” ढोल बाकावर चढला आणि टाळ्या पिटू लागला. सगळा वर्ग हसला. पोरगीही हसली.

आलेखरावानं बाईंना खूण केली. आम्ही सगळे हेडमास्तरांच्या खोलीत आलो. मी कोपऱ्यात सरकलो.

“नाव पुसलंत,” तो म्हणाला.

“हो. काल संध्याकाळी.”

“म्हणजे पुरावा नाहीसा केलात. आता तरी सांगा, ते मूल कुठं आहे?”

“ते मूल म्हणजे मी,” बाई म्हणाल्या.

आलेखरावानं बाईंकडं पाहिलं, मग तक्त्याकडं. “तुम्ही? मिनिटाला सात शब्द?”

“सात आणणं सोपं नव्हतं. सारखे जास्त यायचे.”

“अहो, पण का?”

हेडमास्तर कळवळून म्हणाले, “बाई, काहीतरी कारण द्या. मशीनची चाचणी घेत होते म्हणा. सवय नव्हती म्हणा. मी सांभाळून घेतो.”

“नोंद खोटी होती. तेवढं मी लिहून देते.”

“कारण लिहा ना पण!”

“कारण लिहिलं की ते टपरीपर्यंत जाईल, साहेब. टपरीवरून घरात.” आणि बाईंनी मान वळवून, अगदी हळू, माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत त्या खोलीत मला कुणी असं पाहिलं नव्हतं. फर्निचराला घाम फुटला.

त्यांनी कागद ओढला. चार ओळी लिहायला पाऊण तास घेतला. अक्षर नेहमीसारखं वळणदार. आलेखरावानं तो कागद घडी करून फाइलीत ठेवला, आणि जाताना दारात अडखळून म्हणाला, “तुमच्या वर्गाची वाढ मात्र सगळ्यांत चांगली आहे, बाई.” पण नियम तो नियम. पुढच्या सोमवारपासून दुसरीला नव्या बाई आल्या, आणि हळूबाई माझ्या जुन्या टेबलाशी बसून शिक्के मारू लागल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी घरी जेवण झाल्यावर मी तो तक्ता पुन्हा काढला. पोरीनं हेडफोन लावायला नकार दिल्याचा आठवडा, तिच्या नावापुढं शून्यं. त्यानंतरच्या दिवशी बत्तिसावं नाव उगवलेलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोरगी पुन्हा वाचायला लागलेली. आणि पोरगी ढोलच्या पुढं गेली त्याच संध्याकाळी बाईंनी ते नाव पुसलं, हे तर वर्गाच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं होतं. सगळं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी फळीला कान लावत बसलो होतो.

मी शाळेत गेलो. बाई शिक्का शाईत टेकवत होत्या.

“बाई, मला कळलं.”

“काय?”

मी सांगितलं. त्यांनी कागदावर शिक्का मारला, सरळ आलाय का ते पाहिलं.

“कुणाला बोललात?”

“अजून कुणाला नाही.”

“सात वर्षं थांबाल?”

“सातच का?”

“तोवर ती ही शाळा सोडून गेलेली असेल.”

आयुष्यात मला कुणी एवढं अवघड काम सांगितलं नाही. पहिले काही दिवस मी टपरीकडं फिरकलोच नाही. बायकोला वाटलं मी आजारी आहे. तिनं डॉक्टरही बोलावला. इस्त्रीवाला शेवटपर्यंत सांगत राहिला की बाई खोट्या आकड्यांपायी गेल्या, आणि मी त्याच्यासमोर बसून चहा पीत राहिलो. आता नऊ वर्षं झाली. पोरगी कॉलेजात आहे, टपरी नाही, बाई ताईकडून बोलणी खात घरी असतात. म्हणून लिहितो.

खरं एवढंच. बाई नकाशांच्या खोलीत दार लावून रोज वाचायच्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता. त्या मुद्दाम चुकत वाचायच्या, कारण यादीत एका मुलीच्या खाली कुणीतरी असायला हवं होतं.